उघडून नाही राहिली

सरकारी नोकर अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होतो. त्यानं एमएस-सीआयटी केलेलं असेल, तर होत नाही. नातेवाईक होऊ देत नाहीत.

मी जिल्हा परिषदेत होतो तेव्हा हा कॉम्प्युटरचा कोर्स सक्तीचा झाला. पास व्हा, नाहीतर वेतनवाढ रोखू, असा धाक होता. ज्यांची उभी हयात फाईल दाबून ठेवण्यात गेली, त्यांना या वयात फाईल उघडायला शिकावं लागलं. आमचे हेडक्लार्क परीक्षेच्या दिवशी माउसला हळदकुंकू वाहून बसले. मी पास झालो. घरच्यांनी ते प्रमाणपत्र फ्रेम करून गजानन महाराजांच्या तसबिरीशेजारी लावलं. तेव्हापासून महाराजांना नवस बोलण्याआधी लोक मला एक फोन करून पाहतात.

प्रिंटर कागद खातो, वायफाय चालत नाही, ओटीपी येत नाही या तक्रारी मी चहा संपायच्या आत निपटतो. ‘फाईल उघडून नाही राहिली’ म्हटलं की मात्र मला घाम फुटतो. फाईल जागेवर असते, तिला नाव असतं, वजनही चांगलं दोनशे-चारशे एमबी असतं. डबल क्लिक केलं की पडदा एकदा चमकतो आणि पुन्हा काही घडलंच नाही असा चेहरा करून बसतो. जिल्हा परिषदेत आयुष्य गेलेल्या माणसाला ही वागणूक ओळखीची वाटते. पण तिथं निदान टेबलाखालून काहीतरी सरकवता येत होतं.

असा फोन येण्याचा हंगाम ठरलेला आहे. उरलेल्या महाराष्ट्रातल्या शाळा जूनच्या मध्याला उघडतात. विदर्भातल्या पोरांना उन्हामुळे आणखी आठवडाभर सुटी असते. आंबे संपलेले, मामाच्या गावाहून परत आलेले, बाहेर झळा आणि घरात कॉम्प्युटर. या जादा आठवड्यात वऱ्हाडातल्या कॉम्प्युटरांचं जे होतं, ते मे महिन्यात संत्र्याच्या बागांचंही होत नाही.

तर २०२५ च्या जूनमधला तो आठवडा. अकोल्याहून भाच्याचा फोन.

“मामा, फाईल उघडून नाही राहिली.”

“कायची फाईल बे?”

“क्रिकेटची.”

इथं थोडा इतिहास सांगणं भाग आहे. ईए स्पोर्ट्सचा ‘क्रिकेट ०७’ नावाचा गेम नोव्हेंबर २००६ मध्ये आला. तो बनवला कॅनडातल्या लुनेनबर्ग नावाच्या बंदराच्या गावात, जिथं ऑफ स्टंपबाहेरचा चेंडू सोडावा की खेळावा या प्रश्नावर कुणाची झोप उडत नसावी. पुढच्याच मार्चमध्ये वेस्ट इंडीजला विश्वचषक झाला. बांगलादेशानं हरवलं, श्रीलंकेनं हरवलं, आणि आपला संघ पहिल्याच फेरीतून घरी आला. विश्वचषक भारतानंच जिंकायचा असा ज्यांचा हट्ट होता, त्यांना हा गेम घेण्यावाचून इलाज उरला नाही. आमच्या जावईबुवांनी, म्हणजे भाच्याच्या बापानं, तेव्हा त्याची ओरिजिनल सीडी घेतली. त्यांच्या लग्नाची सीडी हरवली आहे. ही अजून कपाटात, दागिन्यांच्या डब्यात आहे.

गंमत म्हणजे ईएनं त्यानंतर अशा क्रिकेटचा नवा गेम काढलाच नाही. त्यामुळे देशभरातले हौशी लोक या म्हाताऱ्या गेमलाच दरवर्षी नवे कपडे शिवतात. याला म्हणतात पॅच. मूळ गेममध्ये परवान्याच्या भानगडीमुळे आपल्या खेळाडूंची खरी नावंही नव्हती. पॅच टाकला की नावं खरी होतात, शर्ट नवे होतात, मैदानाच्या कडेच्या जाहिराती बदलतात. बदलत नाही फक्त कॉमेंट्री. ती मार्क निकोलस आणि रिची बेनो यांचीच. बेनो २०१५ साली गेले, पण अकोल्यात टिळक रोडच्या आतल्या गल्लीत, जावईबुवांच्या कृषी सेवा केंद्राच्या मागच्या खोलीत, ते अजून शांतपणे फलंदाजाचं कौतुक करतात.

आणि या खेपेचा पॅच साधा नव्हता. जितेश शर्मा आमच्या अमरावतीचा, अथर्व तायडे जावईबुवांच्या अकोल्याचा. या विषयावर आमच्या घरात पंगतीतून लोक उठलेले आहेत. २७ मे २०२५ च्या रात्री आयपीएलमध्ये जितेशनं लखनौविरुद्ध ३३ चेंडूंत नाबाद ८५ ठोकले आणि बंगळुरूनं २२८ धावांचं लक्ष्य गाठलं. मी लगेच अकोल्याला फोन लावला. विशेष काम नव्हतं. जावईबुवांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “दादा, एका डावानं शहर मोठं होत नसते. आमचा अथर्व उघडला नाही अजून.”

आता त्या आयपीएलचे सगळे संघ घातलेला पॅच कुणीतरी बनवला होता. भाचा फोनवर आनंदानं सांगत होता, “मामा, तुमचा जितेश अन् आपला अथर्व, दोघंही हायेत याच्यात. उघडली फाईल का मॅच लावू.”

वऱ्हाडाचा मानाचा प्रश्न असा एका बंद फाईलीत अडकला.

“नाव काय आहे फाईलीचं?” मी विचारलं.

“डेटा.”

“टिंबाच्या पुढं काय आहे?”

“टिंबच नाही ना मामा.”

विंडोज फाईलीच्या नावाचा शेपटीकडचा भाग झाकून ठेवते, सामान्य माणूस घाबरू नये म्हणून. पण तिकडं सामान्य माणूस कुणीच नव्हता. प्रत्येक जण जाणकार होता. मी भाच्याला शेपूट दाखवायची खूण सांगितली, आणि एकदम फाईलींची वरातच निघाली: .बिग, .एफएसएच, .डॅट, .सीएफजी.

मी त्याला शक्य तितक्या सोप्या भाषेत सांगितलं की .बिगमध्ये गेमचं सामान बांधलेलं असतं, .एफएसएचमध्ये चेहरे, बॅटी आणि शर्टाचे रंग असतात, आणि या फाईली गेमनं उघडायच्या असतात, आपण नाही. आपण त्या फक्त योग्य फोल्डरमध्ये नेऊन ठेवायच्या.

“म्हणजे आपण उघडाच्याच नाही?”

“नाही.”

“मंग आत अथर्व हाये का नाही, हे कसं समजंन?”

याला एमएस-सीआयटीत उत्तर नव्हतं.

पुढची हकिकत मला हप्त्याहप्त्यानं फोनवर कळत गेली. ती मी जशी कळली तशी देतो, फक्त शिव्या गाळल्या आहेत.

पॅच एका तुकड्यात नव्हता. रार फाईलीचे पुष्कळ भाग होते, पार्ट वन, पार्ट टू असे. ते दुकानातल्या नेटवर रात्रभर उतरवले, कारण दिवसा त्याच नेटवर खताची ऑनलाईन नोंद करावी लागते. सकाळी भाच्यानं पहिला भाग उघडला, तर त्यानं पासवर्ड मागितला. पासवर्ड कुठे मिळेल हे सांगणारा एक व्हिडिओ सापडला. त्यात कुणी बोलत नव्हतं. मागे धडधड संगीत आणि पडद्यावर नोटपॅड, त्यात एक अदृश्य सद्गृहस्थ एकेक अक्षर टाईप करत होता, ‘हॅलो फ्रेंड्स’. मध्येच त्याचं स्पेलिंग चुकलं, तो सावकाश मागे आला, खोडलं, पुन्हा लिहिलं. शेवटी त्यानं लिहिलं की पासवर्ड ‘रीडमी’ फाईलीत आहे. रीडमी फाईल त्या कुलूपबंद रारच्या आत होती.

भाच्यानं मग ‘अकोला’, ‘गजानन’, ‘जयगजानन’, आईचं नाव, आणि नाइलाजानं ‘अमरावती’ टाकून पाहिलं. अखेर ज्या साइटवरून पॅच आणला तिचं नाव टाकलं आणि कुलूप उघडलं. पोरगं हुशार आहे. आमच्यावर गेलं आहे.

पण निम्मं भरल्यावर हिरवी पट्टी थांबायची, एक छोटी खिडकी यायची, भाचा ती बंद करायचा, मग आणखी एक यायची, तीही बंद करायचा, आणि शेवटी अर्धवट फाईली हातात यायच्या. त्या गेममध्ये टाकल्या की गेम सुरू व्हायच्या आतच मरायचा.

“खिडकीत काय लिहून येते?” मी विचारलं.

“इंग्लिशमध्ये काहीतरी येते. मी कॅन्सल करतो.”

पुढे जे झालं त्याचं मूळ या एका वाक्यात होतं. पण इतक्या जाणकारांच्या गर्दीत एवढी साधी गोष्ट ऐकायला कुणाला वेळ होता?

दुकानाचा हिशेब लिहायला आठवड्यातून एकदा एक गृहस्थ येतात. त्यांनी चष्मा कपाळावर नेऊन फाईल पाहिली आणि निर्णय दिला, “डेटा करप्ट हाये. री-राइट मारा.” टॅलीत डेटा बिघडला की कंट्रोल, आल्ट आणि आर एकदम दाबतात आणि तो दुरुस्त होतो, हे खरंच आहे. त्यांनी त्या तीन कळा क्रिकेटवरही दाबल्या. एकदा हळू, एकदा जोरात. मग म्हणाले, “मार्च एंडिंगले बॅकअप घेतला व्हता का?”

शेजारी लग्नपत्रिका छापणारं दुकान आहे. तिथल्या डीटीपी ऑपरेटरनं फाईल सरळ नोटपॅडमध्ये टाकली. पहिली तीन अक्षरं स्पष्ट आली, आर, ए आणि आर, पुढे उद्गारचिन्ह. त्यानंतर चौकोन, उलटी प्रश्नचिन्हं आणि डोक्यावर टिंबं असलेले परदेशी स्वर. रार हे नाव ते बनवणाऱ्या युजीन रोशाल यांच्या आडनावावरून पडलं. झिप फाईल उघडून पाहिली तर सुरुवातीला पी आणि के दिसतात, ते फिल कॅट्झ यांचे. विंडोजवर चालणाऱ्या प्रोग्रामच्या .एक्सई फाईलीच्या कपाळावर एम आणि झेड असतात, मायक्रोसॉफ्टच्या मार्क झ्बिकोव्स्कींची आद्याक्षरं. लग्नातल्या स्टीलच्या पातेल्यावर नाव घालायची हौस फक्त आपल्याकडेच आहे, हा माझा गैरसमज त्या दिवशी दूर झाला.

पण ऑपरेटरचं निदान वेगळंच होतं. “फॉन्ट नाही ना तुमच्याकडं.”

त्याला हसू नका. युनिकोड सगळीकडे यायच्या आधी एका दुकानातला मराठी मजकूर दुसऱ्या दुकानात नेला की अगदी असाच दिसायचा, आणि या माणसानं आपलं निम्मं आयुष्य तो गुंता सोडवण्यात घालवलं होतं. त्यानं सगळं सिलेक्ट करून कृतीदेव लावला. पडद्यावर क्षणात देवनागरी अक्षरं उमटली. जावईबुवा वाकून दोन ओळी काळजीपूर्वक वाचून म्हणाले, “हे तं कृषी खात्याचं परिपत्रक वाटते.”

त्यानंतर आले लग्नाचं शूटिंग करणारे. त्यांची नजर .डॅटवर गेली आणि चेहरा उजळला. “डॅट म्हणजे पिक्चर असते. आमी हजारो डॅट पाह्यल्या.” हेही खोटं नव्हतं. व्हीसीडीच्या जमान्यात सीडीतल्या एका फोल्डरात ‘एव्हीएसईक्यू०१.डॅट’ नावाची फाईल असायची आणि तिच्यात वऱ्हाडातली समस्त लग्नं, मुंजी आणि डोहाळजेवणं बसलेली असायची. डॅट म्हणजे नुसता डेटा. प्रत्येक कार्यक्रम त्यात आपल्या मनाला येईल ते भरतो, हे त्यांना सांगायला मी तिथं नव्हतो. त्यांनी हुकूम सोडला, “व्हीएलसीत टाक. व्हीएलसीत सारंच चालते.”

या सगळ्या काळात जावईबुवा काउंटरवरून एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत होते.

“अरे, लॉट नंबर पाहा आधी.”

त्यांचा धंदा बियाण्याचा आणि खताचा. तिथं काहीही बिघडलं, बी उगवलं नाही, खत ओलं निघालं, कंपनीचा माणूस भांडला, की पहिला उपाय एकच: पाकिटावरचा लॉट नंबर पाहायचा. घरात भाजीत मीठ जास्त झालं तरी ते मिठाच्या पुड्याचा लॉट नंबर पाहतात, असं माझी बहीण सांगते. त्यामुळे त्यांच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

भाच्यानं उजवं बटण दाबलं, ‘ओपन विथ’वर गेला, व्हीएलसी निवडलं, आणि खाली तो छोटा चौकोन असतो ना, ‘या प्रकारची फाईल नेहमी याच प्रोग्रामनं उघडा’, त्यात बरोबरची खूण केली. फाईल चालेना म्हणून त्यानं तीच कृती गेमच्या शॉर्टकटवर केली. खूण केलीच.

कॉम्प्युटर जुना, विंडोज सेव्हनचा. त्यानं आज्ञा शिरसावंद्य मानली. पुढच्या क्षणी पडद्यावरचे झाडून सारे शॉर्टकट व्हीएलसी झाले. गेम व्हीएलसी, ब्राउझर व्हीएलसी, प्रिंटर व्हीएलसी. आणि टॅली व्हीएलसी.

त्या खुणेतला नारिंगी-पांढरा शंकू रस्त्याच्या कामावर ठेवतात तोच आहे. पॅरिसच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातल्या पोरांना रस्त्यावरचे शंकू उचलून आणायचा नाद होता, त्यावरून तो व्हीएलसीला चिकटला. आता अकोल्यात, पेरणीच्या तोंडावर, कपाशीच्या ४७५ ग्रॅमच्या पाकिटांसाठी शेतकऱ्यांची रांग लागलेली असताना, जावईबुवांच्या पडद्यावर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत रस्त्याचं काम सुरू झालं. बिल काढायला टॅलीवर क्लिक केलं की काळी खिडकी उघडायची आणि गाण्याची वाट पाहत बसायची.

बहिणीचा फोन आला. “भाऊ, तू ये. हे लोकं आता मशीन खोलून राहिले.”

मी अमरावतीहून एसटी धरली. सोबत राजकमल चौकातून गिला वडा बांधून घेतला, कारण रिकाम्या हातानं दुरुस्तीला गेलं की लोकांना आपल्या ज्ञानाची शंका येते. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर आलं. हाच तो रस्ता, ज्यानं जून २०२२ मध्ये गिनीज बुकात नाव घातलं: अमरावती-अकोला दरम्यान ७५ किलोमीटर डांबरीकरण, सलग, १०५ तास ३३ मिनिटांत. आधीचा विक्रम कतारचा होता, २५ किलोमीटरच्या आसपास. खिडकीतून मी त्या रस्त्याकडे पाहत होतो आणि मनात हिशेब करत होतो. ७५ किलोमीटर डांबर पाच दिवसांच्या आत पसरतं, आणि माझ्या भाच्याचा पॅच चौपन्न टक्क्यांवर उभा आहे.

शेजारच्या सीटवरच्या पाहुण्यांनी कुठे निघालात विचारलं. मी सांगितलं. त्यांनी दोन मिनिटं गंभीर विचार केला. “बंद करून चालू करून पाह्यलं का?” मागच्या सीटवरून आवाज आला, “रिफ्रेश मारा म्हणा चार-पाच वेळा.” कंडक्टर तिकिटं मोजता मोजता म्हणाला, “कुलरसमोर ठेवलं असंन. मशीनले हवा लागते, पण ओली नाही लागत.” बोरगाव मंजू येईपर्यंत अख्ख्या बसनं तो कॉम्प्युटर दुरुस्त केला होता.

कंडक्टरचं मात्र खरं निघालं. अकोल्यात उतरलो तेव्हा डांबर मऊ लागत होतं. दुकानात कॉम्प्युटर खरोखरच कुलरसमोर होता, झाकण काढलेला, आणि वाळ्याच्या ओल्या वाऱ्यात मदरबोर्ड छान गारठत होता. भोवती जाणकारांची बैठक. त्यात एक नवा सभासद, दुरुस्तीच्या दुकानातला पोरगा, पाठीला सॅक, तोंडात खर्रा, हातात पेनड्राइव्ह.

“फॉरमॅट मारा लागते काका,” तो म्हणाला.

मी आजवर ज्याला ज्याला बोलावलं, त्यानं हाच उपाय सांगितला आहे. स्क्रीन धूसर, फॉरमॅट. माउस अडकतो, फॉरमॅट. स्पीकरमधून घरघर येते, फॉरमॅट.

“अन् दुकानाचा हिशेब?”

“सी उडते. डी ले हात नाही लावत.”

“हिशेब सी मध्ये हाये,” हिशेबनीस क्षीण आवाजात म्हणाले. मार्च एंडिंगच्या बॅकअपचा प्रश्न आता त्यांच्याकडेच परत आला होता.

मग मी पुढे झालो. मी काय करणार हे मला माहीत नव्हतं. पण जिल्हा परिषदेत एक शिकलो होतो, की काही कळत नसेल तेव्हा आधी मागच्या तारखेचं काहीतरी काढावं. विंडोजमध्ये ‘सिस्टिम रिस्टोर’ नावाची सोय आहे. मशीनला सांगायचं, मधले चार दिवस झालेच नाहीत असं समज. शासकीय नोकराला याहून जवळचं दुसरं बटण नाही. मी आठवड्यापूर्वीची तारीख निवडली, झाकण लावलं, कुलरचं तोंड फिरवलं, आणि सगळ्यांना गिला वडा दिला. खाताना माणूस कळा दाबत नाही.

मध्ये एकदा लाईट गेली. इन्व्हर्टरनं कॉम्प्युटरही धरला आणि कुलरही, आणि दोन्हींचे आवाज असे खाली आले की बैठकीत शांतता पसरली. मग मशीन पुन्हा सुरू झालं. शंकू गेले होते. टॅली टॅली झालं होतं. रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं हात जोडून वर पाहिलं आणि म्हणाला, “चला, बिलं काढा आता.”

बिलं निघायला लागली, पण भाच्याचा चेहरा पडलेला होता.

“मामा, पॅच?”

आणि इथं सगळी बैठक माझ्याकडे वळली. शंकू हटवणारा माणूस अथर्वलाही बाहेर काढेल, असा एक सरळ तर्क त्या नजरांत होता. मी पहिला भाग उघडला. हिरवी पट्टी चालली. पन्नास टक्के, बावन्न, चौपन्न. थांबली. खिडकी आली. मी सवयीनं माउस कॅन्सलकडे नेला.

“थांबा ना मामा, वाचू द्या,” भाची म्हणाली.

ती इयत्ता चौथीत. सुटीत बापाच्या दुकानात स्टुलावर बसते, आलेल्या खोक्यांवरचे लॉट नंबर वाचते आणि बाप वहीत टिपतो. तिला इंग्रजी बोलता येत नाही, पण अक्षर न् अक्षर वाचता येतं. हिशेबनीस, ऑपरेटर, शूटिंगवाले, दुरुस्तीवाला पोरगा आणि एमएस-सीआयटी यांच्यापैकी कुणीही आजवर न वाचलेली ती खिडकी तिनं बोट फिरवत वाचली.

“याले पार्ट थ्री पाहिजे म्हणते. सापडून नाही राहिला म्हणते.”

“हाये ना पार्ट थ्री! हे काय!” भाचा ओरडला.

“हा पार्ट थ्री नाही,” ती म्हणाली. “याच्या पुढं कंसात एक लिहून हाये. लॉट वेगळा हाये हा.”

रात्री नेट तुटलं होतं. पार्ट थ्री अर्धवट उतरला, पुन्हा उतरवला, अर्धवट निघाला म्हणून भाच्यानं पहिला पुसून टाकला. पण दुसरा उतरतानाच कॉम्प्युटरनं त्याच्या नावापुढं कंसात ‘१’ लावून ठेवला होता. रारचे भाग एकमेकांना फक्त नावानं ओळखतात. शेजारी बसलेला भाऊ, अंगानं तोच, वजनानं तोच. पण नावात कंस आला म्हणून बाकीच्या भागांनी त्याला ओळखच दिली नाही.

भाच्यानं कंस खोडला. पट्टी चौपन्नवरून उठली आणि थेट शंभरला जाऊन थांबली.

दुकानात एकदम एवढं श्रेय निर्माण झालं की वाटायला माणसं पुरेनात. हिशेबनीस म्हणाले, मी म्हणतच होतो डेटात गडबड आहे. ऑपरेटर म्हणाला, शेवटी प्रश्न अक्षराचाच निघाला. दुरुस्तीवाल्यानं फॉरमॅट नाही मारला म्हणूनच वाचलं, असं सांगून व्हिजिट चार्ज मागितला. जावईबुवा काही बोलले नाहीत. ते फक्त काउंटरवरून उठले, मागच्या खोलीत आले, कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि प्रत्येकाच्या तोंडाकडे आळीपाळीनं पाहत राहिले. चारदा सांगितलेलं एक वाक्य माणूस न बोलता पाचव्यांदा कसं सांगू शकतो, ते मी त्या दिवशी पाहिलं.

गेम उघडला. बिलं थांबली. रांगेतले दोघे-तिघे आत डोकावले. बंगळुरूचा लाल शर्ट, हैदराबादचा नारिंगी, कडेला नव्या जाहिराती. जितेश शर्मा हे नाव पडद्यावर आलं आणि मी नकळत उभा राहिलो. खेळाडू मैदानात चालत आला, क्रीजवर गेला, आणि त्यानं डावखुरा स्टान्स घेतला.

“हा डावखुरा कवा झाला?” मी विचारलं.

“अकोल्यात आला ना,” जावईबुवा म्हणाले.

डावखुरा अथर्व. तो कुठाय म्हणून पाहिलं, तर तो यष्टीमागे ग्लोव्ह्ज घालून उभा, जे काम जितेशचं. पॅच बनवणाऱ्या कुणा दूरच्या पोरानं दोघांच्या ओळी एकमेकांत मिसळल्या होत्या. त्याच्या लेखी अमरावती काय आणि अकोला काय, दोन्ही नागपूरच्या अलीकडेच. इतकी वर्षं पंगतीत जे भांडण सुटलं नव्हतं, ते त्यानं दोन्ही गावांचं नुकसान करून मिटवलं होतं. पहिला चेंडू जितेशनं डाव्या हातानं कव्हरला टोलवला आणि बेनोसाहेबांनी सुंदर फटका असं प्रमाणपत्रही देऊन टाकलं.

“हे चालणार नाही,” मी म्हणालो.

“बिलकुल नाही,” जावईबुवा म्हणाले. लग्नानंतर आमचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं. “आमचा पोट्टा काय ग्लोव्ह्ज घालन? रोस्टरची फाईल कोन्ती हाये, काढा.”

भाच्यानं फोल्डर उघडलं. हिशेबनीस खुर्ची सरकवून पुढे आले. ऑपरेटरनं नोटपॅडचं नाव सुचवलं. शूटिंगवाले काही म्हणणार, एवढ्यात बहिणीनं त्यांच्याकडे असं पाहिलं की ते चहा आणायला गेले. जावईबुवांनी माउस हातात घेतला, रोस्टरच्या फाईलीवर उजवं बटण दाबलं, आणि ‘ओपन विथ’ची यादी लांबलचक खाली उतरली.

दारातून तो रांगेतला म्हातारा आत आला. त्याच्या हातात कपाशीची पाकिटं तशीच होती. त्यानं पडद्याकडं पाहिलं, आम्हा सगळ्यांकडं पाहिलं.

“भाऊ,” तो म्हणाला, “आधी माह्यं बिल काढा. मंग त्याले उजवा करा.”